साडूंचा फंड आणि माझी देखरेख

सरकारने हेज फंडांवर देखरेख ठेवावी की त्यांना मोकळं सोडावं, या विषयावर माझं काहीही मत नव्हतं. माझ्या वयाच्या आणि माझ्या पगाराच्या माणसाला असली मतं परवडत नाहीत. पण आमच्या इमारतीच्या सभेत मी एक वाक्य बोललो, आणि त्या वाक्याने पुढे कित्येक महिने मला जिन्यावरून वरखाली पळवलं. वाक्य अगदी साधं होतं. "कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," एवढंच. त्यातला 'कुणीतरी' म्हणजे मीच, हे माझ्या ध्यानात यायला कपातला चहा संपावा लागला.

सभा पाचव्या मजल्यावर होती. तिथे का, तर लिफ्ट बंद होती. लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी माणसाने दोर झिजले आहेत असं सांगून तिला सील ठोकलं होतं, आणि आमच्या अध्यक्षबाई पाचव्या मजल्यावर राहतात. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांना खाली उतरता येईना म्हणून सभा वर भरू लागल्या. यात एक सोय अशी झाली, की पाच मजले चढून आलेल्या सभासदाच्या अंगात विरोध करण्याइतका दम उरत नाही. आमचे पुष्कळ ठराव केवळ या कारणाने एकमताने पास झालेले आहेत.

त्या दिवशी विषय होता नवी लिफ्ट. तिच्यासाठी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे होते, पण नव्या लिफ्टची किंमत आमच्या पैशांपेक्षा जोरात पळत होती. खजिनदार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची त्यांना सवय आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला निघालेला माणूस आपोआप तोंड मिटून घेतो. ते म्हणाले, "बँकेच्या व्याजावर बसलो तर लिफ्ट आपल्या नातवंडांना मिळेल. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हेज फंड आहे. त्यात ठेवू."

तिसऱ्या मजल्यावरचा हेज फंड म्हणजे माझे साडू. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या समोरच्याच दारात राहतात. एका बड्या फंड कंपनीत बरीच वर्षं काढून त्यांनी ती नोकरी सोडली आणि घरातल्या रिकाम्या खोलीत स्वतःचा छोटासा फंड काढला. एक टेबल, संगणकाचे दोन पडदे आणि मागे झुकणारी एक खुर्ची, एवढं त्याचं भांडवल. माणूस कमालीचा शांत. स्वतःच्या लग्नात पंगतीपासून फोटोपर्यंत सगळं उशिरा चाललेलं असतानाही या माणसाच्या कपाळावर आठी नव्हती. नातेवाईकात इतकी शांतता असणं मला आजही योग्य वाटत नाही.

"हेज म्हणजे कुंपण," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "नुकसानीभोवती घातलेलं. एक गोष्ट चढेल म्हणून पैज लावायची आणि त्याच वेळी दुसरी उतरेल म्हणून लावायची. म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गॉगल. पाऊस आला तरी आपण तयार, ऊन पडलं तरी तयार."

"आणि नुसतंच ढगाळ राहिलं तर?" मी विचारलं.

"तर फी मिळते," साडू म्हणाले.

शिवाय ही पैज थोडी स्वतःच्या आणि बरीचशी उसन्या पैशावर लावायची असते, आणि काय घेतलं, काय विकलं हे कुणालाही सांगायचं नसतं. एकूण धंदा सभ्य माणसाने दार लावून करायचा, एवढं मला त्यातून समजलं.

दंतवैद्यांची सूचना ऐकून बाईंनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे प्रश्न येणार. "तुमच्याकडे पैसे द्यायचे, तर तुमच्यावर लक्ष कुणाचं असतं?" त्यांनी साडूंना विचारलं.

"कुणाचंच नाही," साडू म्हणाले. "म्हणून तर मी इमारतीतल्या कुणाचे घेत नाही. माझ्याकडे मोजकी, जाणकार माणसं असतात. आपली जोखीम त्यांना कळते. अशा माणसांच्या व्यवहारात सरकारने कशाला पडावं? प्रत्येक पावलाला परवानगी मागायची म्हटलं, तर फंड आणि पोस्ट ऑफिस यांत फरक काय राहिला?"

"अगदी बरोबर," दंतवैद्य म्हणाले. "प्रत्येक दाढेला मी परवानगी काढत बसलो, तर पेशंट खुर्चीतच म्हातारा होईल."

"पण पहिली दाढ काढण्याआधी तुम्हाला परीक्षा द्यावी लागली ना, डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "का तिथेही आधी जाणकार पेशंट गोळा केले होतेत?" दंतवैद्यांनी स्वतःचं तोंड मिटलं. बाई पुन्हा साडूंकडे वळल्या. "आणि तुमचा फंड कोसळला तर तो तुमच्या एकट्याच्या अंगावर कोसळणार आहे थोडाच. तुम्हाला उसने देणारी बँक कोसळेल. तिथे माझं पेन्शन येतं. मी तर कसलीच पैज लावलेली नाही."

"देखरेख असली तरी माणसं बुडतात, बाई," साडू म्हणाले. "फक्त बुडताना निर्धास्त असतात."

इतकी चांगली वाक्यं चाललेली पाहून आपलंही एखादं असावं, असं मला वाटलं. माणसाला असं वाटण्याचे काही क्षण असतात आणि ते नेमके टाळायचे असतात. मी म्हणालो, "काही असो, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहे, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांना सांगून पाहिलं, की मी फक्त तराजू तपासतो. तराजू बरोबर असला की त्याच्यावर शिक्का मारतो. पारड्यातले बटाटे किडके निघाले तर त्याला मी जबाबदार नाही, आणि हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे.

"तत्त्व तेच," बाई म्हणाल्या. साडूंनी लिफ्टचे पैसे घ्यावेत आणि मी त्यांच्यावर देखरेख ठेवावी, असा ठराव झाला. साडूंनी नको नको म्हटलं, पण लोकांना घरी जाऊन पाणी प्यायचं होतं. एकमताने पास.

घरी आल्यावर ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर पहारा ठेवणार?"

"पहारा नाही, देखरेख."

"आईला फोनवर यातलं काय सांगू?"

या प्रश्नाला सरकारी खात्यात उत्तर नसतं.

मी कामाला लागलो. सुरुवात रीतसर करावी म्हणून एक किरकोळ रजा टाकून आर्थिक देखरेखीच्या सरकारी कार्यालयात गेलो. साडूंच्या फंडावर आधीपासूनच कुणाची नजर असेल तर मला कशाला त्रास, असा त्यामागचा उदात्त विचार. खिडकीपाशी गेल्या गेल्या मी सांगितलं, की मीही सरकारी नोकर आहे, पलीकडच्याच रस्त्यावर आमचं कार्यालय आहे.

"मग तुम्हाला रांग माहीत असेल," आतला गृहस्थ म्हणाला.

रांगेतून परत त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा त्याने विचारलं, "फंड केवढा?" मी सांगितलं. त्याला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात मिसळलं. "एवढासा फंड आमच्या मर्यादेत येत नाही. ठराविक आकाराच्या वरचेच आम्ही बघतो."

"मग खालच्यांचं कोण बघतं?"

"खालचे आपलं आपण बघतात."

उसने पैसे वापरतो म्हणजे बँकांच्या विभागात विचारा, असं कुणीतरी सुचवलं. बँकांच्या विभागात कळलं, की उसनं देणाऱ्याला ते बघतात, घेणाऱ्याला नाही. तिथून मला 'इतर' अशी पाटी असलेल्या विभागात धाडण्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला इतका वेळ उभा होतो. बाहेरून खिडकी फार उंच वाटते, हे आमच्या खात्यालाही कळवायला हवं.

'इतर'मध्ये एक पोक्त बाई बसल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली. एवढ्या कारणाने माझे डोळे भरून येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "छोट्या फंडांची नोंदणी सुरू केली की लोकांना वाटतं, सरकारने हमी दिली. नाही केली, तर फंड बुडाल्यावर विचारतात, सरकार झोपलं होतं का. आम्ही नियमांचा मसुदा काढलाय. त्यावर सूचना आणि हरकती मागवल्यात. बाजूने आलेल्या या कपाटात आहेत. विरोधात आलेल्या त्या कपाटात."

"आणि निर्णय?"

"कपाटं भरलीत. तिसऱ्या कपाटाची मागणी पाठवली आहे."

मी घरी आलो, तो सरकारची वाट न बघण्याचा निश्चय करूनच. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी आणि साडू समोरासमोर बसलो आणि मी नियम करायला घेतले. मध्ये शेंगदाण्याची वाटी होती. पहिल्यांदा मी उसन्या पैशाला हात घातला. स्वतःजवळ जेवढं आहे त्याहून जास्त उसनं घ्यायचं नाही. साडू म्हणाले, नफा बराच कमी होईल, पण ठीक आहे. मग दर सोमवारी फंडाचा अहवाल तळमजल्यावरच्या फलकावर लागेल, खाली माझी सही असेल, असं ठरलं. साडू म्हणाले, काय घेतलं हे गावभर सांगून पैज लावता येत नाही, पण ठीक आहे. त्यांच्या या 'ठीक आहे'मुळे मला चेव आला असावा. मी म्हणालो, "आणि ज्याला जेव्हा हवे तेव्हा आपले पैसे काढून घेता आले पाहिजेत."

साडूंनी हातातला शेंगदाणा वाटीत परत ठेवला. "दादा, हे एक नको. काही गोष्टी विकायला वेळ लागतो. सगळे एकदम आले, तर मिळेल त्या भावाने विकाव्या लागतात. दाराला एक कडी असू द्या."

"लोकांचे पैसे, लोकांचं दार," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं, की थोड्या वेळाने मी ते पुन्हा म्हणालो.

"ठीक आहे," साडू म्हणाले. "पण एवढे नियम पाळले जाताहेत की नाही हे बघायला माणूस लागेल. तशी पद्धतच आहे. त्याचा पगार फंडातून द्यावा लागतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणूस नेमला. तो माणूस म्हणजे धाकटी, माझी मेव्हणी. तिने पॅसेजमध्ये एक छोटं टेबल टाकलं, त्यावर 'नियमपालन' अशी पाटी ठेवली आणि कामाला लागली. माझी कल्पना अशी होती, की मी साडूंवर लक्ष ठेवणार. पण पहिल्याच आठवड्यात धाकटी आमच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, तुमची सही तीन ठिकाणी राहिलीय. आणि एका ठिकाणी केलीय ती दुसरीशी जुळत नाही." नंतर एकदा सोमवारी मला ताप होता, तर तिने मला लेखी विचारणा केली. ही तिच्या बाजूने होती. मी कामावरून दमून यायचो आणि समोरच्या दारात जाऊन ओळखपत्र दाखवायचो. साडू आतून "या दादा" म्हणायचे.

अहवाल जाडजूड असायचा. मी तो प्रामाणिकपणे वाचायचो. त्यात अनेक आकडे होते आणि त्यांची बेरीज मी दर आठवड्याला करून बघायचो. बेरीज नेहमी बिनचूक असे. ती कशाची बेरीज आहे, हे मला अखेरपर्यंत उलगडलं नाही. पण बेरीज बरोबर आहे म्हटल्यावर सही न करण्याचं कारणही सापडत नव्हतं. मी सही करायचो आणि कागद फलकावर लावायचो.

आता त्या सहीचं काय झालं ते सांगतो. मला वाटलं होतं, देखरेख बसल्यावर लोक सावध होतील. झालं उलटंच. लोक म्हणू लागले, फंडावर निरीक्षकाची सही आहे. दंतवैद्यांनी सभेत मुद्दा काढला, की आता देखरेख आहे तर शेजाऱ्यांनाच का वगळायचं? बाजूच्या इमारतीतल्या लोकांनीही हा मुद्दा उचलून धरला, वास्तविक त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अखेर साडूंना दार उघडावं लागलं. लोक स्वतःची बचत घेऊन तिसऱ्या मजल्यावर येऊ लागले. जिन्यात मला बघून माणसं बाजूला होऊन वाट देत. मी नाही म्हणत नाही, ते दिवस मला बरे वाटले.

साडू एकदा म्हणाले, "दादा, हे पैसे तुमच्या सहीवर येताहेत. मी पूर्वीइतकाच हुशार आहे."

मी हसण्यावारी नेलं.

फलकाचा आणखी एक परिणाम झाला. दंतवैद्य सोमवारी सकाळी अहवाल वाचायचे आणि साडूंनी जे घेतलं असेल ते स्वतःही घ्यायचे. मग पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून त्याला ते सांगायचे. पेशंट नाही म्हणू शकत नसे. मंगळवारपर्यंत दातदुखी असलेले बरेच लोक साडूंच्याच मार्गाला लागलेले असत. "माझी छत्री बघून सगळ्यांनी तसलीच छत्री घेतली," साडू म्हणाले. "आता छत्र्याच महाग झाल्यात." पण हेही त्यांनी शांतपणे सांगितलं, त्यामुळे त्यात तक्रार आहे हे मला कळलं नाही.

मग कुठेतरी दूर एक बडा फंड कोसळला. त्याच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने स्वतःच्या पैशाच्या कितीतरी पट उसने घेऊन पैजा लावल्या होत्या. त्याच्यापाठोपाठ त्याला पैसे देणाऱ्या बँका डगमगल्या, आणि बँकांपाठोपाठ बाजार. टीव्हीवर घाम पुसणारी माणसं दिसू लागली. त्यातले अर्धे म्हणत होते, सरकारने आधीच लक्ष घालायला हवं होतं. बाकीचे म्हणत होते, सरकारने लक्ष घातलं म्हणूनच लोक गाफील राहिले. मी दोघांनाही मान डोलावत होतो.

सोमवारी साडूंनी अहवाल माझ्या हातात दिला. "उतरलाय, पण थोडाच. तुमच्या त्या उसन्याच्या नियमाने वाचवलं आपल्याला. तो नसता तर आज मीही टीव्हीवर असतो. महिना दीड महिना थांबलं की भरून निघेल." कागदाचं एक टोक अजून त्यांच्याच हातात होतं. "पण हा कागद आज फलकावर लावलात, तर कुणी थांबणार नाही."

आयुष्यात प्रथमच या माणसाने माझ्या नियमाची स्तुती केली होती. त्या आनंदात त्यांचं पुढचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. "नियम आहे," मी म्हणालो, आणि खाली जाऊन कागद लावला. चार टाचण्या, चारही कोपरे नीट.

कामावर जाण्यासाठी बूट घालून पुन्हा बाहेर पडलो तेव्हा जिना भरला होता. रांग तळमजल्यापासून आमच्या दारापर्यंत आली होती. दंतवैद्य पांढऱ्या कोटात सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचा पेशंट खाली खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसला होता, असं नंतर कळलं. शेजारच्या इमारतीतले लोक आम्हाला घाई नाही असं म्हणत कोपरं पुढे सरकवत होते. आणि दंतवैद्यांच्या मागे, हातात पर्स घट्ट धरून, आमची ही उभी होती.

"तू इथे काय करतेस?"

"माझे आहेत थोडे आत."

"मला न सांगता ठेवलेस?"

"तुमची सही होती ना. म्हटलं, यांनी सही केली म्हणजे नीट बघितलं असेल."

"मग आता काढतेस का?"

"फंड उतरल्याच्या कागदावरही तुमचीच सही आहे. म्हटलं, यांनी सही केली म्हणजे खरंच उतरला असेल."

दोन्ही वेळी तिने माझ्यावर विश्वासच ठेवला होता. मी चिडायचं कशावर? मी बूट काढले आणि कामावर कळवलं की येत नाही.

धाकटी टेबलाशी बसून एकेकाचे कागद तपासत होती. दंतवैद्यांची सही जुळेना, कारण ते कागदाऐवजी आतल्या खोलीकडे बघत सही करत होते. तिने त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा करायला लावली. आतल्या खोलीत साडू पडद्यांसमोर बसून मिळेल त्या भावाने विकत होते. आवाज चढला नाही, खुर्ची हलली नाही, फक्त मागे झुकणारी ती खुर्ची आज सरळ होती. आधी आलेल्यांना पूर्ण पैसे मिळाले. मधल्यांना जरा कमी. मागच्यांना अगदीच कमी. दंतवैद्य स्वतःचे घेऊन खाली गेले आणि आपण लिफ्टचेही खजिनदार आहोत हे आठवून धापा टाकत परत आले. त्यामुळे लिफ्टचे पैसे आले, पण अंगाने बरेच बारीक होऊन.

संध्याकाळपर्यंत सगळे माझ्या दारात जमले. साडूंच्या दारात कुणीही गेलं नाही. काही जण म्हणाले, असला कागद फलकावर लावायचा असतो का? काही म्हणाले, असला कागद रोज लावायला हवा होता, म्हणजे आधी कळलं असतं. एका गृहस्थाने मला विचारलं, की तुम्ही बेरीज तपासत होता ती नेमकी कशाची. मी आयुष्यभर दुकानदारांना जी नजर देत आलो, ती त्या दिवशी मला लोकांनी दिली. आणि त्यांना बटाट्यांचं सांगायला माझं तोंड उघडेना.

माणसं पांगली आणि मला बाईंची आठवण झाली. त्या रांगेत नव्हत्या. असणार कशा? फलक तळमजल्यावर, आणि बाई कित्येक महिन्यांत पाचव्या मजल्याच्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या नव्हत्या. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी पुंजी त्यांनी फंडात ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. ती ठेवताना त्यांनी मला बोलावून विचारलं होतं, आणि मी अभिमानाने हो म्हटलं होतं.

मी वर गेलो. सांगायचंच, असं दर मजल्याला ठरवत गेलो. बाईंनी दार उघडलं, बसवलं, स्वतः उठून चहा केला. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "फंड कसा चाललाय?" त्यांनी विचारलं. "टीव्हीवर काय काय दाखवतात. पण तुम्ही आहात म्हटल्यावर मी टीव्ही बंद करते."

मी चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो. कप धुऊन ठेवला, हे मी माझ्या घरी कधी केलेलं नाही, आणि काहीही न सांगता खाली आलो.

सकाळी मी समोरच्या दारात गेलो. धाकटीने ओळखपत्र मागितलं नाही. साडू खोलीत होते. संगणकाचे पडदे बंद होते आणि ते खिडकीतून रस्ता बघत होते.

"बाईंचे किती उरले?" मी विचारलं.

"नियमाने बघायचं तर फारसे नाहीत. शेवटी जो राहतो त्याला उरलंसुरलं."

मी खाली बसलो. बसायला तिथे दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून जमिनीवरच. साडू खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "त्यांचे पूर्ण बाजूला काढून ठेवलेत. माझे स्वतःचे होते फंडात, त्यातून. उद्या वर नेऊन देतो."

"पण आपली जोखीम ज्याने त्याने उचलावी, हे तुमचंच म्हणणं ना?"

"अजूनही आहे," साडू म्हणाले. "पण इथे जो चालत आला, त्याच्याबद्दल. बाईंचा चेक आणायला मीच वर गेलो होतो. त्यांना उतरता येत नाही."

मी त्यांच्या छत्र्यांची आणि गॉगलची खूप चेष्टा केली होती.

"आणि दादा, हे फलकावर लावू नका. बाईंना कळलं तर त्या घेणार नाहीत."

"नियम आहे," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

"आहे. म्हणूनच विचारतोय."

धाकटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नियमपालनाच्या कामात ती किती कडक आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "भाऊजी, या आठवड्याला अहवाल लावता येणार नाही," ती म्हणाली. "फलकाची काच फुटलीय."

मी खाली जाऊन पाहिलं. काच शाबूत होती. मी रुमालाने ती पुसली आणि हात हलवत वर आलो.

पुढची सभा पुन्हा बाईंकडे भरली. उरलेल्या पैशांत नवी लिफ्ट बसत नव्हती, म्हणून जुनीलाच नवे दोर घालायचं ठरलं. मग देखरेखीचा विषय निघाला. दंतवैद्य उभे राहिले आणि म्हणाले, की देखरेखीला आपला विरोध नाही, पण देखरेख करणारा बदलावा. अनेकांनी माना हलवल्या. बोलायला दम कुणातच नव्हता. मी खाली बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटत होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. "सगळ्यांचं नुकसान झालं, ऐकलं मी. पण माझे पैसे मला पूर्ण मिळाले. मी रांगेतही नव्हते. सगळ्यांच्या शेवटी मिळाले, तरी पूर्ण. हे कसं झालं असेल?"

बाईंनी चष्मा चढवून सगळ्यांवरून एक नजर फिरवली.

"देखरेख होती म्हणून झालं," बाई म्हणाल्या. "एका सरकारी माणसाने आपलं काम चोख केलं म्हणून झालं. उभे राहा तुम्ही."

शेवटचे शब्द त्या अशा आवाजात म्हणाल्या, की माझ्याबरोबर आणखी दोघं उभे राहिले. ते चाचपडत खाली बसले. मी एकटा उभा राहिलो. समोर साडू पायावर पाय टाकून बसले होते आणि कपातल्या चहाकडे बघत होते. मी तोंड उघडलं. त्यांनी मान अगदी किंचित हलवली. नाही, अशी.

"मी फक्त माझं काम केलं," मी म्हणालो.

इतकं खोटं वाक्य मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो. पहिली टाळी साडूंनी वाजवली. मग धाकटीने. मग सगळ्यांनी, अगदी दंतवैद्यांनीसुद्धा. मला आणखी एका वर्षासाठी नेमण्यात आलं. एकमताने.

सभा संपल्यावर आम्ही चौघं जिना उतरत होतो. पुढे धाकटी, मग ही, मागे मी आणि साडू. ही आज फार खुशीत होती. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "किती छान बोलल्या बाई यांच्याबद्दल." मग साडूंकडे बघून, मोठ्या बहिणीच्या हक्काने, "माणसाने यांच्याकडून थोडं शिकावं."

मी कठडा धरला.

"शिकतोय, ताई," साडू म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेऊन सावकाश उतरू लागले.